तू बरी असशील तर

प्रिय आत्या,

प्रबंधासाठी गावोगाव हिंडतेय, म्हणून पत्राला उशीर झाला. रागावू नकोस. बरं, रागाव हवं तर, तुझं रागावणं ऐकूनही किती दिवस झाले.

माझा विषय तुला फोनवर कधी धड सांगता आला नाही. दुःख झालं की माणसं ते कुणाजवळ, कसं बोलतात, एवढाच तो. नॉर्वेत दोन वर्षं हेच शिकले. तिथे अनोळखी बाईसुद्धा माझ्या प्रश्नांच्या कागदावर 'काल तीनदा रडले' असं लिहून द्यायची आणि कॉफी प्यायला निघून जायची. तोच कागद घेऊन मी इथे मायदेशी, बुहेराला आले. पहिला प्रश्न, दिवस कसा गेला? एकतीस बायकांनी आपल्याकडचं नेहमीचं रीतीचं उत्तर दिलं, तुझा बरा गेला असेल तर माझाही बरा गेला. आणि मी शहाणी, एकतीस ठिकाणी 'बरा'वर खूण करून मोकळी झाले.

बत्तिसावी तारुविंगा आजी. शेंगा सोलत होती. सोलता सोलताच म्हणाली, "पोरी, तू तुझं सांगितलंसच कुठे? मी माझं काय सांगू?" मी हसण्यावारी न्यायला गेले आणि रडूच फुटलं. नॉर्वेतल्या दुसऱ्या हिवाळ्यात सात आठवडे मी खोलीबाहेर पडले नव्हते, केसांना फणीसुद्धा लावली नव्हती, ते सगळं तिला सांगितलं. तिने सोलायच्या शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं आणि आपल्या गेलेल्या मुलाबद्दल दुपार टळेपर्यंत बोलत राहिली.

त्या हिवाळ्यात दर रविवारी तुझा फोन यायचा. मी म्हणायचे, मजेत आहे. तू म्हणायचीस, मग मीही मजेत.

परवा तू शिवून पाठवलेला निळा झगा घातला. एक बाही बोटभर आखूड, शिवण वाकडी. एक टाका चुकला म्हणून मला अख्खी बाही उसवायला लावणारी तू! तुझ्या शेजारच्या रुविम्बोला फोन केला, तेव्हा कळलं की हल्ली तुझी सुईसुद्धा तीच ओवून देते.

म्हणून हे पत्र, मुद्दाम एवढ्या मोठ्या अक्षरांत. आत्या, मी बरी नव्हते. अजूनही पुरती बरी नाही. घे, माझं सांगून झालं. शनिवारच्या बसने येतेय, झगा न उसवता तसाच घालून. आता डोळ्यांचं खरं काय ते तू सांग.

तुझीच, वाकड्या बाहीची
सेकाई