आमदारांचा हात

जळगाव, मंगळवार, ३ फेब्रुवारी १९८७

आज दुपारी नशिराबादच्या एक बाई ऑफिसात आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी आमच्याच पेपरचं कात्रण काढलं. रावेरच्या केळी मेळाव्याचा, दोन वर्षांपूर्वी मी काढलेला फोटो. आमदारांनी हात उंचावलेला, आणि त्या हाताआड मागच्या माणसाचा अर्धा चेहरा. तो बाईंचा नवरा. गेल्या साली वारला. सोमवारी वर्षश्राद्ध, आणि हार घालायला घरात दुसरा फोटोच नाही.

"भाऊ, तो हात तेवढा बाजूले करा ना," म्हणाल्या.

निगेटिव्ह शोधली. रोल पुरवायचा म्हणून मेळाव्याचे दोनच फोटो काढले होते. दुसऱ्यात हा माणूसच नाही. मोठा प्रिंट काढला, तर हातही मोठा झाला. एक डोळा, एक कान, अर्धी मिशी. तेवढंच दिलं. बाईंनी ओल्या प्रिंटवरचा तो हात बोटानं पुसून पाहिला. मग "लई उपकार झाले, भाऊ" म्हणून निघाल्या.

उपकार! आमदार तर नुसते उभे होते. "साहेब, हात जरा वर करा," असं मीच ओरडलो होतो.