सात प्रतींचं जनुक

ती. ताई,

इथूनच वाकून नमस्कार.

चौदा महिने, तीनशे नळ्या आणि पिपेट दाबून दाबून कायमचा आखडलेला अंगठा. एवढं घालून माझ्या जनुकाच्या नावापुढे काय लागलं? ‘बंद’!

जनुक चालू असलं की जिवाणू त्याच्या आरएनए प्रती काढतो, आणि आम्ही त्या मोजतो. माझ्याच्या सात सापडल्या. आमची आकडेवाली पोरगी म्हणते, “काका, दहाच्या आत म्हणजे बंद धरायचं.”

दहाच का? आकाशातून पडले का दहा? मी म्हटलं, “अगं, हळू बोलणारा मुका असतो का?”

“पण कुजबुज कुठली आणि नुसती खरखर कुठली, हे कळणार कसं?”

“मला विचार! तीन खोल्यांपलीकडचं यंत्र कुरकुरलं तरी या कानांना आधी कळतं.”

तूच सांग, आई चुलीपाशी पुटपुटायची ते मला अंगणात ऐकू यायचं ना?

जेवण वेळेवर होतं, काळजी नको. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींची पथ्यं चालू आहेत, की नुसतीच तोंडाने?

तुझा धाकटा

ता. क. पोरीला खोटं पाडायला मी ते जनुक मुळातूनच कापून टाकलेले जिवाणूही मोजायला दिले होते. आत्ताच निकाल आला. त्यांच्यातही सात निघाल्या.