इथं गिरणी कुठंय?

अंबड, रविवार संध्याकाळ

दुपारी पुण्याहून आलो. पायांत अजून गोळे आहेत. काल दिवसभर सुनीलनं, आमच्या पोरानं, नव्या वस्त्या दाखवल्या. इथलं घर विकून आम्ही दोघांनी तिकडं यावं, असं त्याचं चाललंय. "आई, हा भाग वर येऊन राह्यलाय. मेट्रो येणार, मॉल येणार. जल्दी घ्यायला पाहिजे."

मी एवढंच विचारलं, "इथं पिठाची गिरणी कुठंय?"

तो हसला. हे पण हसले. "पीठ पाकिटात मिळतं, आई."

हसू देत. जिथं बायका दळणाचे डबे घेऊन निघतात, तिथं वस्ती जिवंत आहे असं समजायचं. मी तरी हेच बघते. तिथं नुसत्या उंच इमारती, गिरणी बिलकुल न्हाई. मी सरळ नको म्हणून आले. मंग आता जिवाला का लागून राह्यलंय?

घरी आल्यावर ज्वारी निवडून डबा भरला. हे म्हणाले, "ठेव तिथं. उद्या बसस्टँडजवळून दळून आणतो."

बसस्टँडजवळून. आपल्या गल्लीतली गिरणी गेल्या दिवाळीलाच बंद पडली. दळण टाकायला माणसंच उरली न्हाईत.

सुनीलला हे सांगितलं न्हाई मी.