लायटरचा चाप

१७ नोव्हेंबर, सोमवार

आठ. वीसपैकी आठ. मागच्या वेळी नऊ होत्या, म्हणजे सुधारायच्या ऐवजी एक कमीच झाली. पास व्हायला चौदा लागतात.

मेघना आली ती बूट न काढता दारातच बसली. पाणी दिलं. म्हणाली, "आई, आता एकच चान्स. तेरा डिसेंबर. नाही जमलं तर परत टपाल."

पोलिसात लागून चार वर्षं झाली. त्यातली तीन आवक-जावक रजिस्टर लिहिण्यात गेली. आता कुठे बायकांच्या तक्रारींवर धावून जाणाऱ्या पथकासाठी नाव आलंय. पळण्यात पहिली. कायद्याच्या पेपरात दुसरी. पिस्तुलात नापास.

हे जेवताना म्हणाले, "टपालात वाईट काय आहे? पंख्याखाली बसायचं." ती भाकरी अर्धी ठेवून उठली. आमच्याकडे अन्न टाकत नाहीत. ती अर्धी मी खाल्ली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

खरं लिहायचं तर आठ ऐकून मला आत कुठेतरी बरं वाटलं. रोज वंदनेत पहिलं शील घेते – कुणाचा जीव घेणार नाही. आणि पोटची मुलगी नेम शिकते. हे कुणाला बोलता येत नाही. वहीला चालतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मेघनाने तिचा टार्गेटचा कागद आणला. उस्तादांनीच दिला म्हणे, "घरी भिंतीवर लावा, लाज वाटेल." सहदेव उस्ताद फायरिंग शिकवतात. जिभेने तिखट, पण मुलींवर आवाज चढवत नाहीत असं तिचं म्हणणं.

मी म्हटलं, चांगला जाड कागद आहे, फळीवर डब्यांखाली घालू. ती हसली तरी. दोन दिवसांनी पहिल्यांदा.

डबे उचलायच्या आधी कागद जमिनीवर पसरला आणि भोकं मोजली. माझी सवयच तशी, दिसलं की मोजायचं. मधल्या गोलात आठ. बाहेर बारा. त्या बारांतल्या दहा एकाच जागी – खाली, डाव्या बाजूला. आमटीची वाटी पालथी घातली तर दहाच्या दहा झाकल्या!

किराण्याच्या यादीत बेरीज दर महिन्याला तेवढीच चुकली तर बेरीज येत नाही असं नसतं. एखादी रक्कमच चुकीची लिहिलेली असते, आणि तीच पुढे पुढे येत राहते.

कागद फळीवर घातला नाही. गुंडाळून कपाटात ठेवला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज तिला बसवून सगळं विचारलं. पिस्तूल घरी आणता येत नाही, तिथेच जमा करतात, म्हणून मी ते पाहिलेलंही नाही. तिने लाटणं हातात धरून दाखवलं.

मला समजलं ते असं. पूर्वी ज्या पिस्तुलावर ती शिकली त्यात पहिली गोळी जड जायची, मग पुढच्यांना चाप हलका. बोट लावलं की सुटली. हे नवीन तसं नाही. यात प्रत्येक गोळीला चाप तितकाच लांब आणि तितकाच जड. पहिली असो की पंधरावी. चुकून सुटू नये म्हणून मुद्दामच तसं केलंय.

"पाच किलोची पिशवी एका बोटाने ओढायची, आणि तेवढ्यात हात तसूभर हलता कामा नये," ती म्हणाली.

"मग तू काय करतेस?"

"शेवटी झटका बसतो. मला कळतं, आई. कळतं तरी बसतो."

उस्ताद म्हणतात, "मॅडम, हे पिस्तूल तुम्हाला वेळ देतं. तुम्ही तो वेळ घाबरण्यात घालवता." तिचं म्हणणं, मी घाबरत नाही. मलाही नाही वाटत. चौथीत असताना हिने पाण्याच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्या बाप्याची कळशी आडवी केली होती.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नळाला पाणी नाही, तिसरा दिवस. टँकरपाशी रंभाबाई भेटल्या. विहारात आमच्या शेजारी बसतात. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काय हो, आई शील घेते आणि लेक नेम घेते, घरात दोन्ही कसं मावतं?"

बायका हसल्या. मी पण हसले. घरी येऊन दोन्ही हंडे उतरवले आणि झाकण ठेवायचंच राहिलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सापडलं.

सकाळी मेघना चहा ठेवत होती. मी मागे डाळ निवडत बसले होते. आमच्याकडे पहिल्यापासून चापाचा लायटर, उल्हासनगरच्या बाजारातून यांनी आणलेला, पिस्तुलासारखा धरायचा. अठरा वर्षं झाली, अजून चालतो. तिने लायटर बर्नरपाशी नेला. चाप ओढला, पण पुरता नाही. आवाज व्हायच्या जरासा आधी थांबवला. तसाच धरून ठेवला. डाव्या हाताने नॉब फिरवला आणि मग – कट्! त्या कट् बरोबर लायटरचं तोंड खाली गेलं. खाली आणि डावीकडे.

डाळीचं ताट मांडीवरच राहिलं.

हे तिला मी शिकवलंय. इथे दिवा गावात राहायला आलो तेव्हा एकच सिलिंडर होता, दुसरा मिळायला महिना जायचा. मी तिच्या डोक्यावर उभी राहून सांगायचे – आधी चाप काठावर आणून धर, मग नॉब सोड, की लगेच पेटव. गॅस फुकट जाता कामा नये. सात वर्षांची होती. तेव्हापासून दिवसातून चार वेळा तेच. काठावर आणायचं, धरायचं, मग झटका.

म्हणजे चुकीची रक्कम मीच लिहिलेली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सांगू की नको, यात काल पूर्ण दिवस गेला. नाही सांगितलं तर ती टपालात जाईल. माझं शीलही राहील. कुणाला काही कळणार नाही.

संध्याकाळी यांनी पेपर बाजूला ठेवून विचारलं, "काय झालंय तुला? भाजीत मीठ दोनदा." मग सगळं सांगितलं. वंदनेतल्या शीलाचंही.

हे खोपटच्या डेपोत तीस वर्षं बसचे ब्रेक दुरुस्त करत आले. बोलायला वेळ घेतात. म्हणाले, "ब्रेक नीट लागत नाही म्हणून कोणी बस बंद करत नाही, ब्रेक नीट करतात. उद्या ती टपालातून बाहेर पडलीच, कमरेला तेच पिस्तूल असेल. आपल्या चाळीत खोलीला खोली लागून आहे. हिची गोळी खाली डावीकडे गेली तर खाली डावीकडे कोण असेल?"

पलीकडच्या खोलीत शेजारच्या शीलाचं बाळ रडत होतं. आमची भिंत एका विटेची.

मी उठले आणि मेघनाला हाक मारली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

तिला वाटलं मी गंमत करते. मग लायटर हातात दिला, म्हटलं पेटव. तिने नेहमीसारखाच धरला. थांबली. स्वतःच्या हाताकडे बघत राहिली.

"आई गं," एवढंच म्हणाली.

आज रेंजवर उस्तादांना सांगितलं तिने. ते आधी खूप हसले. मग म्हणाले, "शंभर मुलं शिकवली, हा रोग कुठून येतो ते कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या आईंना नमस्कार सांगा. आणि गॅसवरच औषध करा." औषध असं – चाप ओढायला घेतला की मध्ये थांबायचं नाही. हळू ओढा, पण एकाच ओढीत. पीठ चाळताना हात थांबत नाही तसा. बोटाचं टोक नाही, पहिल्या पेराची घडी लावायची. आणि डोळा समोरच्या गोलावर नाही, नळीच्या टोकावरच्या उंचवट्यावर. उस्ताद त्याला मक्खी म्हणतात.

गॅसचा मेन कॉक बंद करून सुरुवात केली. लायटरच्या पाठीवर रुपयाचं नाणं ठेवायचं. कट् झालं तरी नाणं पडता कामा नये.

पन्नास वेळा. नाणं पडलं बेचाळीस वेळा.

२९ नोव्हेंबर

पन्नास. पडलं अडतीस.

३० नोव्हेंबर, रविवार

पन्नास. पडलं एकोणचाळीस. चिडली. नाणं फ्रिजखाली गेलं. हे आडवे होऊन फुंकणीने काढत होते, म्हणाले, "तुम्ही दोघी मिळून माझी कंबर पास करा आधी."

२ डिसेंबर, मंगळवार

तिची ड्युटी होती म्हणून मी एकटीने करून पाहिलं. मला वाटलेलं, माझा हात तिच्यापेक्षा स्थिर असेल. दहापैकी नऊ वेळा पडलं. मी पण काठावर धरते! शिकवणारीच ती.

आता आम्ही दोघी करतो. आधी ती पन्नास, मग मी पन्नास. सकाळी पाणी यायच्या आधी. चहा मात्र काडीपेटीने पेटवतो, जुनी सवय परत शिरू नये म्हणून. काड्या जातात. जाऊ देत.

४ डिसेंबर, गुरुवार. पौर्णिमा

पांढरी साडी नेसून विहारात गेले. पहिलं शील आज सलग म्हटलं. मनात म्हटलं – हिच्या हातून गोळी सुटायची वेळ येऊ नये. आलीच तर ती भरकटू नये. दोन्ही मागणं एकत्र मागायला चालतं का माहीत नाही. मागितलं.

रंभाबाई पुढे बसल्या होत्या. निघताना त्यांनी हळूच विचारलं, "कधी आहे तिची परीक्षा?" तारीख सांगितली. काही टोमणा मारला नाही.

आजचे – ती बारा, मी एकवीस.

६ डिसेंबर, शनिवार

मेघना बंदोबस्ताला. पहाटे गेली. आम्ही दोघांनी घरीच मेणबत्ती लावली. आज सराव नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

नवीनच अडचण. रेंजवर दुसऱ्यांदा चाप ओढला तर काहीच झालं नाही. पिस्तूल मुकं. तिला वाटलं बिघडलं. उस्ताद म्हणाले, "बिघडलं नाही. तुम्ही चाप पूर्ण सोडलाच नाही. घाई." या पिस्तुलाला चाप पार पुढे गेल्याशिवाय पुढची गोळी सुटत नाही.

लायटरचंही तेच की. अर्धवट सोडून परत दाबला तर पेटत नाही. मी हे रोज बघते आणि तिला सांगायचं सुचलं नाही. आता मोजायची पद्धत बदलली. ओढताना एक-दोन-तीन, सोडताना एक-दोन. मी बाजूला बसून मोजते. पलीकडून शीला विचारत होती, "काकी, गाणं बसवताय का?"

पन्नास. पडलं चार.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पन्नास. एकदाही नाही.

तिने नाणं उचलून वर्दीच्या खिशात घातलं. मी म्हटलं, तो रुपया डब्यातला आहे, परत आण.

१३ डिसेंबर, शनिवार

सतरा!!

वीसपैकी सतरा. फोनवर तिने आकडा सांगितला. मीच विचारलं, उरलेल्या तीन कुठे गेल्या? म्हणाली, "एक वर, दोन उजवीकडे. खाली डावीकडे एकही नाही." म्हणजे रक्कम दुरुस्त झाली. या तीन साध्या चुका, त्या कुणाच्याही होतात.

उस्ताद म्हणाले, "आईंचं नाव रजिस्टरमध्ये लिहू काय?" हे डेपोतल्या जुन्या सोबत्यांना फोन करत सुटले आहेत, प्रत्येकाला लायटरपासून सांगतात. पेढे अर्धा किलो आणले. मी पाव म्हटलेलं. रंभाबाईंना दोन नेऊन दिले. त्यांनी एक खाल्ला, एक पदरात बांधला, म्हणाल्या, "मेघनाला सांगा, जपून राहा."

रुपया परत आला. डब्यात टाकला नाही, वहीत ठेवलाय.

२२ डिसेंबर, सोमवार

पथकात आठवडा झाला. दिवसभर फिरती – कळवा, मुंब्रा, इकडे दिवा. घरी येते ती दमून, पण जेवण पूर्ण. लायटर आता दोघी एकाच ओढीत दाबतो. काडीपेटी बंद.

९ जानेवारी, शुक्रवार

मेघना दुपारी अवेळी आली. वर्दीतच. ओट्यापाशी उभी राहिली. विचारायच्या आत सांगायला लागली. एका चाळीत नवरा बायकोवर कोयता घेऊन. पथक पोचलं तेव्हा त्याचा हात वर गेलेला. ही दारात, चार पावलांवर. दोनदा ओरडली, टाक. त्याने टाकला नाही. "नेम धरला, आई. चाप ओढायला घेतला. अर्ध्याच्या पुढे गेला होता. तेवढ्यात त्याने माझ्याकडे बघितलं आणि कोयता सोडला. मी तिथेच धरला. काठावर. नॉब उघडलाच नाही." मग चाप पार पुढे सोडून दिला. बाई जिवंत, तो जिवंत. उस्ताद म्हणाले, हलका चाप असता तर गोळी गेली असती.

चहा तिनेच ठेवला. लायटर काठावर आणून धरला, मग नॉब फिरवला. मी टोकायला उठले होते, तिला साखरेचा डबा दिला.