शुक्रवारी दारात आलेली माफी

आई, तुला जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या दोन्ही मुलांना तू फोटोतच माहीत आहेस. इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगला, शुक्रवारी मी ऑफिसातून लवकर निघते, धाकट्याला बालवाडीतून उचलते आणि घरी येऊन भिजवलेल्या मनुका कुसकरून शब्बाथचं शरबत गाळते. तेव्हा तू आठवतेस. ठाण्याच्या घरी तू दवाखान्यातून यायचीस आणि नर्सचा पांढरा युनिफॉर्म न बदलताच ओट्याशी उभी राहायचीस. एका शुक्रवारी शेजारी नव्याने राहायला आलेल्या काकूंनी दारातून विचारलं, "तुमच्यात नेमकं काय असतं हो?" तू म्हणालीस, "आम्ही बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ लागतो, मग शनिवारभर चूल पेटवत नाही. अजून सूर्य मावळायचाय, आत या, चहा टाकते." त्या गेल्यावर मी कुरकुरले, सगळं कशाला सांगतेस. तू माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "विचारलं तर सांगायचं. त्यात लाजायचं काय?"

गेल्या शुक्रवारी लेकीची वर्गमैत्रीण खेळायला आली होती. तिला न्यायला तिची आई जरा लवकरच आली. टेबलावर मेणबत्त्या, शरबत, रुमालाखाली पाव. हल्ली माझा नवरा सारखा सांगतो, दिवस बरे नाहीत, लोकांपुढे आपल्या धर्माचं फार बोलू नकोस. त्या बाईने हसून विचारलं, "कुणाचा वाढदिवस?" मी "नाही, असंच," म्हणतेय, तोवर लेक जर्मनमध्ये म्हणाली, "आज शब्बाथ आहे. आम्ही ज्यू आहोत."

बाई दारातच थांबते. माझा हात दोन्ही हातांत धरते. "माझे आजोबा हिटलरच्या सैन्यात होते," एवढंच म्हणते. मग हळूच, "मला माफ करा." मला सांगायचं असतं की आमची माणसं कोकणातली, तेलाचे घाणे चालवणारी, तिथे आम्हाला कधी कुणी हाकललं नाही. ही माफी आमच्या पत्त्यावरची नाही, बाई. तेवढं जर्मन मला येतं. पण तिचे डोळे भरलेले. लेक शरबताचा पेला घेऊन आली, "श्मेक्ट गुट," म्हणाली, छान लागतं. आणि इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभा असलेला माझा नवरा, मला सारखा जपून राहा म्हणणारा, त्याने खुर्ची ओढली आणि म्हणाला, "बसा ना." त्या मायलेकी प्रार्थना संपेपर्यंत बसल्या. धाकट्याने मध्येच पाव तोडला, सगळे हसले.

हे पाठवायला पत्ता नाही, पण तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती माफी माझी नव्हती, तरी मी हात सोडवून घेतला नाही. या गावात आल्यापासून घराबाहेरच्या कुणी माझा हात असा धरला नव्हता, आई.