बायागॅस आणि तुमची ढवळी

मुळशी, १२ मार्च २००५

ती. सगुणावन्सं यांना दंडवत.

जानेवारीतल्या एका सकाळी गोठा झाडून, पाणी भरून मी मिश्री लावत पायरीवर बसले होते, तेवढ्यात दवंडीवाला कोंडिबा एका संस्थेची चिठ्ठी घेऊन आला. (गुडघा कसा आहे? आधी हेच विचारायला हवं होतं.) त्याचा चष्मा फुटलेला, म्हणून वाचायला मी. चिठ्ठीत 'बायोगॅसची सभा' असं स्वच्छ लिहिलं होतं. पण तोंडात मिश्री, त्यामुळे बाहेर पडलं 'बायागॅस'. कोंडिबा डफ बडवत निघाला, "उद्या शाळंत बायागॅसची सभा हाय होऽ." मी चूळ भरली. हाक मारता आली असती. मारली नाही.

वन्सं, दिवाळीत माझे लाल डोळे पाहून तुम्ही निकाल दिला होता, की चुलीचा धूर थांबला नाही तर भावाचं मातीचं घर पाडायचं आणि मी माणला तुमच्या भाड्याच्या खोल्यांपैकी एकीत राहायचं. मी 'व्हय' म्हटलं होतं. माझा शब्द फिरत नाही, तुमचाही फिरू नये, म्हणून सविस्तर लिहिते.

बायांची सभा म्हटल्यावर बाप्ये उरवड्याच्या कारखान्यात नाहीतर पारावर. शाळेत आम्ही तेरा जणी. संस्थेच्या हेमलताबाईंनी शेणापासून गॅस कसा होतो ते सांगितलं आणि पहिली टाकी कोणाकडे, असं विचारलं. माझा हात आधीच वर होता. त्या घर बघायला आल्या, भिंतीला तळवा लावून म्हणाल्या, ही भिंत उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार, पाडू नका. (तुमच्या भावाने ती माती स्वतःच्या पायांनी तुडवली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला ठाऊक आहेच.)

खड्डा खणायला लागलो तेव्हा एकनाथ सरपंच येऊन म्हणाले, "आमाला कुणी बोलावलं न्हाई." डोक्यावरचं घमेलं खाली न ठेवता त्यांच्याच बायकोने, आशालताने उत्तर दिलं, "बायांचा गॅस हाय. बाप्यांचा आला की तुमी जावा. तवर वाळू चाळा." सरपंचांनी वाळू चाळली.

पहिली भर घालायला साऱ्या आळीने शेण दिलं. वीस दिवसांनी, गेल्या सोमवारी, शेगडी पेटली. निळा जाळ, धूर नाही. तेरा जणींचा चहा झाला, वर सरपंचांचाही. तेव्हा तुमच्याच शब्दाप्रमाणे घर उभं राहील आणि मी त्यात राहीन. तुमच्या लेकी-जावयांना आशीर्वाद.

तुमची भावजय,
जान्हवी

ता. क. टाकीच्या अर्जात दोन जनावरं लागतात. मी दोन लिहिली. एक माझी, दुसरी तुमची ढवळी. (एकाच घरातल्या गाई, खोटं कसं?) एका गाईच्या शेणावर शेगडी दुसऱ्या भाकरीला विझते. ढवळी तिकडे कंपनीच्या गाड्यांमध्ये बांधलेली असते, परवा तिने तुमच्या भाडेकरूच्या गाडीचा आरसा चाटला म्हणे. मंगळवारी हेमलताबाई गाई बघायला येणार आहेत. ढवळीला सोमवारपर्यंत पाठवा. तुम्हीही या, दोन दिवस राहा.

आणखी एक. शेगडी पेटली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चुलीमागची काळी भिंत पांढऱ्या मातीने सारवली. तुमचा भाऊ जिथे पाठ टेकून चहाची वाट बघायचा, तेवढी जागा सोडली.