भावोजींचा राग आणि गादीची जाहिरात

तीर्थरूप भावोजींना शिरसाष्टांग नमस्कार. (आधी हात पुढे करणार होतो, पण मॅच संपल्यावर तुम्ही कुणाशीच हस्तांदोलन करत नाही असं पेपरात वाचलं, म्हणून नमस्कारच बरा.) तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण ती दर रविवारी टीव्हीवर सगळे बघतात: मानेच्या शिरा, कपाळावरच्या आठ्या, आणि पाण्याच्या बाटलीला लाथ मारायच्या आधी मागे गेलेला उजवा पाय. इकडे सगळे जिवंत आहोत. माझा गुडघा दुखतो, दुकानाचं छत गळतं, आणि आमची सौ. म्हणते की माझ्यात पूर्वीचा उत्साह राहिला नाही. पूर्वी तो होता हेच मला आठवत नाही. ताई अजून आमच्याकडेच आहे. फोन तुम्ही उचलत नाही आणि समोर यायची माझी हिंमत नाही, म्हणून पत्र. शिवाय फोन भिंतीवर आपटला तर फुटतो. पत्र कितीही आपटलं तरी पुन्हा उचलून वाचता येतं.

तुम्हाला ठाऊकच आहे की आमचं घराणं नदीच्या अलीकडच्या फुटबॉल संघाचं. ताईनं नदीपलीकडच्या संघाच्या बचावफळीतला खेळाडू पसंत केला तेव्हा बाबांनी जेवण सोडलं नाही, पण बरेच दिवस ते आमच्याकडे पाठ करून जेवले. पुढे तुम्ही त्याच संघाचे मॅनेजर झालात आणि माझी पंचाईत झाली. या गल्लीत मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही की ज्या माणसाच्या नावानं सगळी गल्ली बोटं मोडते तो माझा सख्खा मेहुणा आहे. चष्म्याचं दुकान विश्वासावर चालतं हो. (दोन पंचही माझे गिऱ्हाईक आहेत. त्यांचे नंबर मी कुणाला सांगत नाही. सांगितले तर दंगल होईल.) दुकानात टीव्ही आहे, बाकडं आहे, आणि गिऱ्हाईक फारसं नाही, त्यामुळे रविवारी आमचं मंडळ तिथेच जमतं. आमचा स्वतःचा संघ कसा खेळतो हे बघायला आम्ही बसत नाही. तो गुणतक्त्याच्या मध्यावर कुठेतरी आजारी माणसासारखा पडून आहे आणि त्याच्याकडे बघून कुणाचंच भलं होत नाही. आम्ही जमतो ते तुमचा संघ हरताना बघायला. आयुष्यात तेवढीच एक गोष्ट हल्ली नेमानं मनासारखी होते.

मंडळात मुख्य दोघं. एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांनी तुमच्या स्वभावाचा अभ्यास केला आहे. त्यांचं म्हणणं असं की तुमच्या संघाची उतरती कळा लागली ती तुमच्या तापटपणामुळे. खेळाडू भेदरलेले आहेत, पायात चेंडू आला की आधी ते तुमच्याकडे बघतात आणि मग तो बाहेर मारतात. पुढारपण म्हणजे संयम, असं ते दर आठवड्याला सांगतात, आणि परवा संयमावर बोलता बोलता त्यांनी माझ्या शोकेसवर अशी मूठ आपटली की काचेला कडेपर्यंत तडा गेला. दुसरा टायरवाला. त्याचा अभ्यास वगैरे नाही, त्याला तुम्ही नुसतेच आवडत नाही. तुम्ही पडद्यावर दिसलात की तो म्हणतो, "बघा, बघा, कसे डोळे वटारतोय," आणि सगळे मान हलवतात. मीही हलवतो. (तुम्हाला खोटं कशाला सांगू? कधीकधी मी आधी हलवतो.)

त्या गादीच्या प्रकरणानंतर तर तुमच्या स्वभावाबद्दल बोलायला कुणाला पुरावाच लागेनासा झाला. तुम्हाला ते आठवत असेलच, पण ते आम्हाला कसं दिसलं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तुमच्याच मैदानावर, समोरच्या स्टँडपुढे, तुम्हाला पैसे देणाऱ्या गादी कंपनीनं माणसाएवढा पुठ्ठ्याचा पुतळा उभा केला होता. अंगात तुमच्याच संघाच्या रंगाचा शर्ट, काखेत उशी, चेहऱ्यावर पोटभर झोप झालेल्या माणसाचं समाधान. आणि तुम्ही सीमारेषेवर येऊन, दोन्ही हात वर करून, त्या पुतळ्याला मागे पळायला सांगत होतात. तो पळेना. तुम्ही आणखी ओरडलात. मग बूट काढून जमिनीवर आपटलात आणि त्याला बदलून दुसऱ्याला पाठवायची तयारी सुरू केलीत. आमच्या दुकानात हसून हसून टायरवाल्याला ठसका लागला. पेपरांनी लिहिलं की मॅनेजरनं भर मैदानात कंपनीचा अपमान केला. मुख्याध्यापक म्हणाले की मैदानात आता झोपा काढणारेच भरलेत हे तुम्ही अशा रीतीनं सुचवलंत, पण रीत चुकली. कंपनीनं करार मोडला, पुतळा उचलून नेला, आणि तुमच्या क्लबचे पदाधिकारी तेव्हापासून तुमच्या जागी कोण, याचा विचार करू लागले.

मी मात्र हसलो नाही. चांगुलपणामुळे नाही, धंद्यामुळे. टायरवाला म्हणतो ते डोळे वटारणं मी रोज दुकानात बघतो. मान पुढे काढायची, कपाळ आवळायचं, डोळ्यांच्या फटी करायच्या आणि ओठ घट्ट मिटायचे. माझ्या अक्षरांच्या फळ्यासमोर बसणारा प्रत्येक माणूस तसा दिसतो. अगदी गरीब स्वभावाची माणसंसुद्धा तिथे बसली की मला खायला उठल्यासारखी दिसतात. त्यांना राग आलेला नसतो, त्यांना खालची ओळ दिसत नसते. भावोजी, तुम्हाला लांबचं दिसत नाही. मला हे आधीच कळायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी ताईनं तुम्हाला ओढून माझ्या दुकानात आणलं होतं तेव्हा तुम्ही फळा घडाघडा वाचलात, आणि मला शंका आली, कारण तुमच्या आधी बसलेल्या आजीबाईंनी तिसऱ्या ओळीत जे अक्षर चुकवलं होतं तेच तुम्हीही चुकवलंत, अगदी त्याच जागी थांबून. मशीनपुढे पाठांतर चालत नाही, तिथे तुमचा खरा नंबर आला. तो मी सांगितला तर तुम्ही म्हणालात, चष्मा हिशेबनीसांना लागतो, आणि उठून गेलात. मी गप्प बसलो. तुमच्यापुढे सगळेच गप्प बसतात, त्यात माझं विशेष काही नाही.

आता मागे वळून बघा. (डोळे बारीक करून का होईना.) सोळा नंबरचा तुमचा डावीकडचा खेळाडू हा तुमच्या संघातला एकटाच पळणारा माणूस, आणि तुम्ही लागोपाठ तीन मॅचेसमध्ये त्याला बाहेर काढलंत. पेपर म्हणाले, आकस. मुख्याध्यापक म्हणाले, मत्सर. मी सांगतो, तुम्हाला अठरा नंबरला काढायचं होतं. लांबून इंग्रजी सहा आणि आठ सारखेच दिसतात, माझ्या फळ्यावरही आधी तेच दोन जातात. तो बिचारा सोळा नंबर आता चेंडू मागायलाही घाबरतो. चूक दुसऱ्याची, शिव्या त्याला. सगळा संघ असाच बसत गेला: ज्यानं चुकवलं तो सुटतो, जो जागेवर होता तो बोलणी खातो, आणि हळूहळू कुणालाच जागेवर राहावंसं वाटत नाही. तुम्ही तापट नाही असं मी म्हणत नाही. तुम्ही आहातच, लग्नातही तुम्ही फोटोग्राफरवर धावून गेला होतात. पण निम्मा राग तुमचा नाही, तो नंबराचा आहे, आणि तेवढा मी कमी करू शकतो.

आणि ताईचंही तेच झालं. तिनं मला एवढंच सांगितलं की क्लबची दोन माणसं जेवायला आली होती, तिनं त्यांच्यासमोर डोळे तपासायचं नाव काढलं, आणि तुम्ही म्हणालात की तुला फुटबॉलमधलं काय कळतं. एवढं बोलून तुम्ही ताटावरून उठलात. ती दुसऱ्या दिवशी एक बॅग घेऊन आली. भावोजी, तुमचा एकही सामना तिनं चुकवलेला नाही, तुम्ही राखीव खेळाडूंत बसायचात तेव्हापासून. हल्ली दिवसभर ती माझ्या काउंटरमागे बसून फ्रेमा पुसते. रविवारी टीव्ही चालू असतो, पण आवाज बंद करायला लावते. समालोचक तुमच्याबद्दल जे बोलतात ते तिला ऐकवत नाही. मंडळाचा आवाज मात्र मला बंद करता येत नाही. गेल्या रविवारी तुम्ही बाटली उडवलीत तेव्हा टायरवाला सहज बोलून गेला, "असल्या माणसाबरोबर बायको राहते तरी कशी?" ताई मान वर न करता म्हणाली, "नाही राहत."

मुख्याध्यापकांनी बराच वेळ स्वतःच्या चपलांकडे बघितलं आणि टायरवाला मॅच अर्धी टाकून गेला. तो आता रोज सकाळी येऊन दुकानाचं शटर वर करून देतो. ते जड आहे, आणि माफी कशी मागायची हे त्याला माहीत नसावं. म्हणजे गुपित फुटलं. धंद्याचं काय व्हायचं ते होईल, आधीच त्यात होण्यासारखं फार उरलेलं नाही.

खरी काळजी पुढची आहे. ताईनं बाजाराच्या मागच्या रस्त्याला एक खोली बघितली आहे. एक खिडकी, एक ओटा, आणि भिंतीला ओल. घरमालकिणीला सोमवारी शब्द द्यायचा आहे. मी म्हटलं, घाई कशाला, तर म्हणाली, भावाच्या घरी किती दिवस राहायचं? तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला भीतिदायक वाटलं. तुम्ही दोघं भांडत होतात तेव्हा मला काळजी नव्हती. रविवारी तुमची आमच्याशी मॅच आहे, तुमच्याच मैदानावर. हरलात तर क्लब तुम्हाला काढणार असं गल्लीतलं पोरही सांगतं. म्हणजे रविवारी नोकरी आणि सोमवारी बायको. इतकी वाईट वेळ मी आमच्या संघावरसुद्धा कधी आलेली पाहिली नाही.

बाकी सर्व ठीक, म्हणजे नेहमीसारखंच वाईट. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर तो गिळून टाका, मेहुण्यावर ओरडू नका. कळावे.

आपला आज्ञाधारक (मैदानाबाहेर),
चष्मेवाला मेहुणा

ता. क. पार्सलात पत्राखाली डबी आहे, ती फेकू नका. त्यात चष्मा आहे. नंबर दोन वर्षांपूर्वीचा, त्यामुळे अगदी बरोबर नसेल, पण सोळा आणि अठरा वेगळे दिसतील. नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठा आणि रक्तातली साखरही तपासून घ्या. या वयात नंबर उगाच वाढत नाही.

ता. क. २. एक नम्र विनंती. रविवारची मॅच संपेपर्यंत तो लावू नये. इतकी वर्षं आम्ही तुमच्या मैदानावर जिंकलेलो नाही, आणि मीही माणूसच आहे.

ता. क. ३. फ्रेम मी निवडलेली नाही. मी जी काढली होती ती ताईनं काहीही न बोलता परत ठेवली आणि दुसरी काढली. मग म्हणाली, त्यांचं नाक डावीकडे वाकलंय, ही अशीच दिली तर तिरकी बसेल. नाकाजवळची तार तिनं स्वतः पक्कडीनं वाकवली, सगळी दुपार, आपल्याच नाकावर लावून बघत. हे तुम्हाला सांगायचं नाही अशी तिनं शपथ घातली आहे.

ता. क. ४. दुसरा ता. क. खोडलेला समजावा. मॅच सुरू व्हायच्या आधीच लावा. ताई माझ्याबरोबर येते आहे. पाहुण्या प्रेक्षकांच्या जागा तुमच्या समोरच्या स्टँडमध्ये आहेत, पहिल्या रांगेत. तो गादीवाला पुतळा उभा होता, बरोबर त्याच्या मागे. पुतळा आता नाही, तिथे ती असेल. बाकी काही करू नका भावोजी, ओरडून काही सांगू नका. नुसता हात वर करा. तिला लांबचं चांगलं दिसतं.